डीडीएक्स४ (व्हासा) अँटीबॉडी: वृषण आणि अंडाशयाच्या कामात ती नक्की काय दाखवते?

काचपट्टी (सोमवार, सकाळी ९:४०)

मानवी जननपेशी ओळखायच्या म्हटलं की पहिलं नाव डीडीएक्स४ या प्रथिनाचं येतं, आणि त्याला चिकटून ते दाखवणाऱ्या अँटीबॉडीवरून गेल्या वीस वर्षांत सगळ्यात जास्त वादही झाले आहेत. तिच्याबद्दल मराठीत एकत्र लिहिलेलं काही हाताशी असावं म्हणून हा धागा. सेक्शनवर (ऊतीच्या पातळ कापांवर) काम करणारे, ब्लॉट चालवणारे (जेलवर प्रथिनं आकाराप्रमाणे वेगळी करून अँटीबॉडीने ओळखणारे), फ्लो सायटोमेट्री करणारे (एकेका पेशीची चमक लेझरने मोजणारे), सगळ्यांनी आपापल्या बाजूचं लिहावं.

आधी प्रथिनाबद्दल. डीडीएक्स४ हे ७२४ अमिनो आम्लांचं, सुमारे ७९ किलोडाल्टनचं आरएनए हेलिकेज आहे. आरएनएच्या गुंडाळ्या सोडवणाऱ्या डेड-बॉक्स कुळातलं. त्याचं जनुक माणसात ५व्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर आहे. मूळ शोध फळमाशीतला. तिथे हे जनुक बिघडलेल्या मादीच्या संततीत जननपेशीच तयार होत नाहीत, म्हणजे वंश पुढे सरकत नाही. म्हणून त्याला वंश खुंटलेल्या स्वीडिश राजघराण्याचं, व्हासाचं, नाव मिळालं. ट्यूडर, व्हॅल्वा, स्टाउफेन ही भावंडंही तशीच नाव मिळालेली. मानवी जनुकाचं वर्णन २००० साली आलं आणि तेव्हाच दोन गोष्टी स्पष्ट झाल्या: प्रथिन जननपेशींपुरतं मर्यादित आहे, आणि ते पेशीद्रवात असतं.

या दोन गोष्टी पाठ असू द्या. रंग केंद्रकात दिसला तर काहीतरी चुकलंय. रंग पेशीच्या बाहेरच्या पडद्यावर दिसला तरी चुकलंय.

प्रौढ वृषणात सगळ्या जननपेशी सारख्या रंगत नाहीत. स्पर्मॅटोगोनिया (नळीच्या तळाच्या, सुरुवातीच्या पेशी) फिके, स्पर्मॅटोसाइट (त्यांचा पुढचा टप्पा) गडद, गोल स्पर्मॅटिडमध्ये (शुक्राणू होण्याआधीचा टप्पा) बऱ्यापैकी रंग आणि केंद्रकाजवळ एखादा दाट ठिपका. सर्टोली (नळीच्या आतल्या, आधार देणाऱ्या) आणि लायडिग (नळ्यांच्या मधल्या) पेशी कोऱ्या राहायला हव्यात. अंडाशयात प्रायमॉर्डियल फॉलिकलमधल्या (अगदी सुरुवातीच्या पुटिकेतल्या) बीजांडाचा पेशीद्रव रंगतो, भोवतीच्या ग्रॅन्युलोसा पेशी रंगत नाहीत.

माझं म्हणणं एवढंच: "ही अँटीबॉडी चांगली आहे" हे वाक्य अर्धवट आहे. कशासाठी चांगली? फॉर्मॅलिनमधल्या सेक्शनवर चालणारी अँटीबॉडी ब्लॉटवर चालेलच असं नाही, आणि दोन्हीकडे चालणारी जिवंत पेशीवर काहीच सिद्ध करत नाही.

नवी_स्लाइड (सोमवार, सकाळी ११:०५)

धागा काढल्याबद्दल आभार. सेक्शनबद्दल दोन शंका आहेत. वृषणाच्या बायॉप्सीत नळ्यांच्या मधल्या जागेत, लायडिग पेशींमध्ये, तपकिरी दाणे दिसतात. ते बॅकग्राउंड म्हणायचं का? आणि अँटीबॉडीच्या १:२००० डायल्युशनला (२००० पट पातळ केल्यावर) चित्र अगदी स्वच्छ येतं, पण नळीच्या तळाशी काहीच रंगत नाही. १:२५०ला तळ रंगतो, पण सर्टोली पेशीही धूसर तपकिरी होतात. कुठलं डायल्युशन धरायचं?

काचपट्टी (सोमवार, दुपारी १:३०)

पहिल्याचं उत्तर: ते दाणे बहुधा लिपोफस्किन आहेत. प्रौढ माणसाच्या लायडिग पेशींत हे पिवळट तपकिरी रंगद्रव्य साठतं आणि डॅबसारखंच, म्हणजे अँटीबॉडी बसली तिथे उमटवलेल्या तपकिरी रंगासारखंच, दिसतं. ओळखायचं सोपं आहे. त्याच ब्लॉकची एक स्लाइड कुठलीही अँटीबॉडी न घालता, डॅबही न घालता, फक्त हिमॅटॉक्सिलिन (केंद्रकं निळी करणारा रंग) करून बघा. दाणे तिथेही असतील तर ते अँटीबॉडीचे नाहीत. फ्लुरोसन्सवर काम करणाऱ्यांना हेच दाणे हिरव्या आणि लाल दोन्ही फिल्टरमध्ये चमकताना दिसतात. खरा सिग्नल एकाच चॅनेलमध्ये असतो.

शिवाय अॅव्हिडिन-बायोटिनची जुनी पद्धत वापरत असाल तर ऊतीतलं स्वतःचं बायोटिनही रंग ओढतं. पॉलिमरवर (बायोटिनशिवाय रंग आणणाऱ्या पद्धतीवर) या, अर्धी कटकट तिथेच संपते.

दुसरी शंका जास्त महत्त्वाची. डायल्युशन स्पर्मॅटोसाइट बघून ठरवू नका. ते इतके गडद असतात की कुठल्याही डायल्युशनला छान दिसतात. नजर स्पर्मॅटोगोनियावर ठेवा आणि त्याच वेळी शेजारच्या सर्टोलीवर. तळाच्या पेशी फिक्या पण निश्चित रंगलेल्या आणि सर्टोली कोरी, असं चित्र ज्या डायल्युशनला येतं ते आपलं. १:१००, १:२५०, १:५००, १:१०००, १:२००० अशी शिडी एकाच दिवशी, एकाच ब्लॉकवर, डॅबचे सेकंद सारखे ठेवून करा. तुमच्या वर्णनावरून उत्तर १:५०० ते १:१०००च्या मध्ये कुठेतरी असावं. पण हा आकडा दुसऱ्याच्या अँटीबॉडीला लावू नका. १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या बाटलीचं १:५०० म्हणजे २ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, आणि ०.२ मिलिग्रॅमवालीचं १:१०० म्हणजेही तेवढंच. वहीत डायल्युशनबरोबर मायक्रोग्रॅमही लिहावेत. आयसोटाइप कंट्रोलही (त्याच प्रकारची, पण डीडीएक्स४ला न ओळखणारी अँटीबॉडी) त्याच मायक्रोग्रॅमवर चालवायचा असतो, त्याच डायल्युशनवर नव्हे.

आता पूर्ण कृती, कारण गडबड बहुतेक वेळा अँटीबॉडीच्या आधीच झालेली असते.

फिक्सेशन (ऊती आहे तशी टिकवणं): बायॉप्सीचा तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा असेल तर बुआँ द्रावणात काही तास पुरतात, मोठा असेल तर रात्रभर. बुआँचं प्रमाण संपृक्त पिक्रिक आम्ल ७५, फॉर्मॅलिन २५, ग्लेशियल अॅसिटिक आम्ल ५. नळ्यांचा आकार आणि केंद्रकांची ठेवण यात फॉर्मॅलिनपेक्षा कितीतरी सुंदर टिकते. नंतर ७० टक्के अल्कोहोलमध्ये पिवळेपणा जाईपर्यंत धुवा. जात नसेल तर त्या अल्कोहोलात लिथियम कार्बोनेट टाका. त्याच ब्लॉकमधून पुढे आरएनए काढायचं असेल तर मात्र बुआँ नको, १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये १८ ते २४ तास ठेवा. आणि पिक्रिक आम्ल बाटलीत कधीही कोरडं पडू देऊ नका. कोरडं झालं की ते स्फोटक आहे. झाकणाच्या आट्यांत जमलेले स्फटिकसुद्धा घासायचे नाहीत.

सेक्शन ४ ते ५ मायक्रॉन, चार्ज्ड स्लाइडवर, ६० अंशाला एक तास. झायलीन, उतरतं अल्कोहोल, पाणी. अँटिजन रिट्रीव्हलसाठी (फिक्सेशनने झाकलेलं प्रथिन अँटीबॉडीला पुन्हा मोकळं करण्यासाठी) १० मिलिमोलर सिट्रेट पीएच ६.० किंवा ट्रिस-ईडीटीए पीएच ९.०, दोन्ही करून पाहा. ९५ ते ९८ अंशाला २० मिनिटं, मग त्याच बफरमध्ये २० ते ३० मिनिटं निवू द्या. खळाखळा उकळलं तर सेक्शन सुटतं, आणि बुआँवालं सर्वात आधी. तिथे वेळ कमी करा.

३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड १० मिनिटं. हे टाळलं की रक्तवाहिन्यांतल्या लाल पेशी डॅबने रंगतात. मग ५ टक्के नॉर्मल गोट सीरम अर्धा तास (दुय्यम अँटीबॉडी, म्हणजे प्राथमिक अँटीबॉडीला पकडून रंग आणणारी, शेळीत तयार केलेली असेल तर). झटकून टाका, धुऊ नका. प्राथमिक अँटीबॉडी ४ अंशाला रात्रभर, ओल्या डब्यात. डबा सपाट हवा. उतार असला की एका कडेला द्रव सरकतो, दुसरी कड सुकते, आणि सुकलेल्या कडेला सगळंच तपकिरी होतं. सकाळी टीबीएस-ट्वीन ०.०५ टक्के, ५ मिनिटांचे तीन धुवे, पॉलिमर ३० मिनिटं, पुन्हा धुवे, डॅब २ ते ५ मिनिटं मायक्रोस्कोपखाली बघत. हिमॅटॉक्सिलिन ३० सेकंदांपेक्षा जास्त नको, नाहीतर स्पर्मॅटोगोनियाचा फिका रंग निळ्याखाली हरवतो.

शीतपेटी (सोमवार, दुपारी २:१०)

एक भर. पॉझिटिव्ह कंट्रोल (जिथे रंग यायलाच हवा अशी ऊती) वेगळ्या स्लाइडवर ठेवण्यापेक्षा त्याच स्लाइडवर ठेवा. मार्ग अडल्यामुळे शुक्राणू बाहेर न येणाऱ्या रुग्णांच्या बायॉप्सीत शुक्राणूनिर्मिती पूर्ण असते, तो उत्तम कंट्रोल. एथिक्स कमिटीच्या मंजुरीत उरलेल्या ऊतीचा असा वापर आधीच लिहून घ्यावा लागतो. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक सूचना यासाठी नीट वाचून ठेवा.

पट्टेदार (सोमवार, संध्याकाळी ६:२०)

ब्लॉटच्या बाजूने लिहितो. डीडीएक्स४चं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे त्याचा चुलतभाऊ डीडीएक्स३एक्स. ६६२ अमिनो आम्लं, ७३ किलोडाल्टन, आणि शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत भरपूर. हेलिकेजचा मधला गाभा दोघांत बराच मिळताजुळता आहे. अँटीबॉडी त्या गाभ्यातल्या तुकड्याविरुद्ध बनवलेली असेल तर ती दोघांनाही पकडू शकते. वर ७३ आणि ७९ किलोडाल्टनच्या बँड (प्रथिनाच्या पट्ट्या) १२ टक्के जेलवर एकमेकांना चिकटून दिसतात. लोक ७५च्या मार्करजवळ बँड बघतात आणि "आला" म्हणून मोकळे होतात.

पुरुषांत आणखी एक भर: वाय गुणसूत्रावरच्या एझेडएफए भागातलं डीडीएक्स३वाय. तेही ६६० अमिनो आम्लांचं, आणि त्याचं प्रथिन मुख्यतः वृषणातच सापडतं. म्हणजे "यकृतात बँड नाही, वृषणात आहे" एवढ्यावरही समाधान मानता येत नाही.

म्हणून विकत घेण्याआधी डेटाशीटवर एकच गोष्ट शोधा: इम्युनोजन (ज्या तुकड्याविरुद्ध अँटीबॉडी बनवली तो) कुठला? एन टोकाचा (प्रथिनाच्या साखळीच्या सुरुवातीचा) तुकडा असेल तर बरा, कारण तो गाभ्याच्या बाहेर आहे आणि डीडीएक्स३एक्सशी जुळत नाही. अनुक्रम दिलेला असेल तर तो स्वतः डीडीएक्स३एक्स आणि डीडीएक्स३वायशी जुळवून बघा, पाच मिनिटांचं काम. "पूर्ण लांबीचं प्रथिन" असं लिहिलेलं पॉलिक्लोनल (अनेक अँटीबॉडींचं मिश्रण) असेल तर त्यात गाभ्याविरुद्धच्याही अँटीबॉडी असणार हे धरून चला. इम्युनोजन लिहिलेलाच नसेल तर पुढच्या पानावर जा.

ब्लॉट असा: ५० मिलिग्रॅम वृषण, ५०० मायक्रोलिटर रिपा बफर, प्रोटिएज इन्हिबिटर आयत्या वेळी घातलेला. बर्फावर सोनिकेट करा, नाहीतर डीएनएमुळे सॅम्पल शेंबडासारखं ओढलं जातं आणि लेन वाकड्या पळतात. १२,००० जीला ४ अंशावर १५ मिनिटं. लेनला २० मायक्रोग्रॅम. जेल ८ टक्के, आणि ते ५०चा मार्कर तळाशी पोचेपर्यंत चालवा. तेव्हा कुठे ७३ आणि ७९मध्ये डोळ्यांना दिसेल एवढी फट पडते. पीव्हीडीएफ मेंब्रेन, ओलं ट्रान्सफर १०० व्होल्टला ९० मिनिटं थंडीत, ५ टक्के दूध पावडरीत तासभर ब्लॉकिंग.

लेन कमीत कमी अशा हव्यात: वृषण, यकृत, साधे एचईके२९३ (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशी), आणि डीडीएक्स४चा प्लाझ्मिड (जनुक वाहून नेणारा डीएनए) घातलेले एचईके२९३. साध्या एचईकेमध्ये डीडीएक्स३एक्स भरपूर आहे, म्हणून ती लेन सोन्याच्या मोलाची. तिथे बँड आली तर तुमची अँटीबॉडी चुलतभावाला ओळखते आहे. प्लाझ्मिडवर जीएफपी (चमकणाऱ्या प्रथिनाचा टॅग) जोडलेला असेल तर बँड ७९ वरून १०६च्या आसपास सरकली पाहिजे. सरकली नाही तर ती बँड तुमच्या प्रथिनाची नाहीच.

एकच मेंब्रेन स्ट्रिप करून डीडीएक्स३एक्ससाठी पुन्हा वापरू नका. पहिल्या अँटीबॉडीचा अंश राहतो आणि नेमका याच प्रश्नाचं उत्तर बिघडवतो. एकाच जेलवर त्याच लेन दोनदा भरा, मेंब्रेन मधून कापा, अर्ध्यावर हे, अर्ध्यावर ते, मग शेजारी ठेवून फोटो घ्या.

५० किलोडाल्टनला जाड बँड आली तर घाबरू नका. ऊतीत रक्त असतं, रक्तात इम्युनोग्लोब्युलिन, आणि दुय्यम अँटीबॉडी त्याची जड साखळी पकडते. फक्त दुय्यम घालून एक पट्टी चालवली की खात्री होते.

नवी_स्लाइड (सोमवार, रात्री ९:१५)

पेप्टाइड ब्लॉकिंग केलं तर हे सगळं टळेल का? कंपनी इम्युनोजन पेप्टाइड वेगळं विकते. ते आधी मिसळलं आणि रंग गेला, म्हणजे अँटीबॉडी बरोबर, असं समजता येईल?

पट्टेदार (सोमवार, रात्री ९:५०)

नाही. रंग गेला याचा अर्थ अँटीबॉडी त्या पेप्टाइडला चिकटते, एवढाच. ते आपल्याला आधीच माहीत होतं, त्याच पेप्टाइडवर ती बनवलेली आहे. अँटीबॉडीच्या त्याच खाचेत डीडीएक्स३एक्स बसत असेल तर पेप्टाइड तोही सिग्नल घालवेल आणि चित्र अगदी पटण्यासारखं दिसेल. रंग गेला नाही तर मात्र काहीतरी कळतं: तो रंग त्या खाचेतून आलेला नाही.

२०१६ मध्ये अँटीबॉडी पडताळणीचे पाच मार्ग एकत्र मांडले गेले, ते लक्षात ठेवा: जनुक काढून किंवा दाबून पाहणं, आरएनएसारख्या वेगळ्या मोजमापाशी जुळवणं, वेगळ्या भागाविरुद्धची दुसरी अँटीबॉडी, टॅग लावलेलं प्रथिन, आणि अँटीबॉडीने ओढून काढलेलं प्रथिन मास स्पेक्ट्रोमेट्रीने ओळखणं. पेप्टाइड ब्लॉकिंग त्यात नाही.

काचपट्टी (मंगळवार, सकाळी ८:३०)

जनुक काढलेल्या ऊतीबद्दल एक बारीक गोष्ट. उंदरात हे जनुक काढलं की मादी सुपीक राहते आणि नर वंध्य होतो, हे २०००मध्ये दाखवलं गेलं. त्या नराच्या वृषणात जननपेशी झायगोटीन टप्प्याला (अर्धसूत्री विभाजनाच्या सुरुवातीला) अडतात. त्यामुळे अशा वृषणावर "रंग नाही" हे दाखवताना नळीच्या आतल्या भागाकडे बोट दाखवणं फसवं आहे. तिथे पेशीच नाहीत तर रंग कुठून येणार? अडण्याआधीच्या ज्या पेशी शिल्लक आहेत त्या कोऱ्या आहेत का ते बघा. आणि अँटीबॉडी उंदराची असेल तर उंदराच्या ऊतीवर दुय्यम अँटीबॉडी मधल्या जागेतलं सगळं इम्युनोग्लोब्युलिन पकडते. सशाची अँटीबॉडी असेल तरच हा कंट्रोल निवांत वाचता येतो.

लेझरवाट (मंगळवार, दुपारी १२:००)

फ्लोची बाजू, आणि खरा वाद इथेच आहे.

स्त्रीच्या अंडाशयात जन्मानंतर नवी बीजांडं तयार होत नाहीत, ही जुनी धारणा. २००४ साली उंदरांवरच्या कामातून तिला आव्हान मिळालं. २००९ मध्ये उंदराच्या अंडाशयातून याच प्रथिनाची अँटीबॉडी वापरून विभागणाऱ्या जननपेशी वेगळ्या केल्याचं प्रसिद्ध झालं, आणि २०१२ मध्ये मानवी अंडाशयातूनही. पद्धत अशी: अंडाशयाचा कॉर्टेक्स (बाहेरचा थर) एन्झाइमने सुटा करायचा, जिवंत पेशींना डीडीएक्स४च्या सी टोकाविरुद्धची (साखळीच्या शेवटाविरुद्धची) अँटीबॉडी लावायची, आणि चमकणाऱ्या पेशी सॉर्टरने वेगळ्या काढायच्या.

आता काचपट्टींचं पहिल्या पोस्टमधलं वाक्य आठवा. प्रथिन पेशीद्रवात आहे. जिवंत, न छेदलेल्या पेशीच्या आत अँटीबॉडी जात नाही. मग ती चिकटली कशाला? मांडणाऱ्यांचं म्हणणं होतं की या खास पेशींत प्रथिनाचं सी टोक पडद्याबाहेर डोकावतं. आरएनएवर काम करणाऱ्या हेलिकेजचं टोक बाहेर काय करतंय, हा प्रश्न तेव्हापासून उभा आहे. या प्रथिनात सिग्नल पेप्टाइड किंवा पडदा ओलांडणारा पट्टा नोंदलेला नाही.

२०१२ मध्येच उंदरात दुसऱ्या वाटेने तपासणी झाली. अँटीबॉडी वापरलीच नाही. डीडीएक्स४ चालू झालेल्या पेशी जनुकीय युक्तीने कायमच्या रंगीत केल्या आणि जन्मानंतरच्या अंडाशयातून काढून वाढवल्या. रंगीत पेशींपैकी कुणी विभागताना दिसलं नाही. मग २०२० मध्ये स्वीडनमधून मानवी कॉर्टेक्सच्या एकेका पेशीचं आरएनए वाचून अभ्यास आला. सहा मुख्य गट मिळाले: बीजांडं, ग्रॅन्युलोसा, रोगप्रतिकारक, रक्तवाहिनीच्या अस्तराच्या, रक्तवाहिनीभोवतालच्या आणि स्ट्रोमाच्या पेशी. जननमूलपेशींचा गट नाही. आणि डीडीएक्स४ अँटीबॉडीने पकडलेल्या पेशी वेगळ्या काढून वाचल्या, तर त्या रक्तवाहिनीभोवतालच्या पेशी निघाल्या. व्हासाच्या नावाचा प्रश्न स्वीडनमध्येच असा तपासला गेला, हा योगायोग मला फार आवडतो.

माझ्या लेखी मानवी अंडाशयापुरता हा निकाल पुरेसा स्पष्ट आहे. ज्यांना अजूनही जिवंत सॉर्टिंग करायचं आहे त्यांनी निदान एवढं करावं. मेलेल्या पेशी काहीही शोषतात, म्हणून डॅपी किंवा ७-एएडी या मेलेल्या पेशीत शिरणाऱ्या रंगाने त्या गेटबाहेर काढा. अंडाशयात मॅक्रोफेज असतात, त्यांचे एफसी रिसेप्टर अँटीबॉडीची शेपटी पकडतात, म्हणून मानवी एफसी ब्लॉक १० मिनिटं आधी. दुय्यम अँटीबॉडी एकटी लावलेली नळी वेगळी. आणि सॉर्ट केलेल्या पेशी लगेच फिक्स करून, छेदून, एन टोकाच्या अँटीबॉडीने पुन्हा रंगवा. आत प्रथिन नसेल तर बाहेर दिसलेल्या रंगाला काही अर्थ नाही.

नवी_स्लाइड (मंगळवार, दुपारी ३:२५)

पण सॉर्ट केलेल्या पेशींत क्यूपीसीआरने (आरएनएचं प्रमाण मोजणाऱ्या चाचणीने) डीडीएक्स४चं आरएनए मिळाल्याचंही लिहिलेलं आहे. ते कसं?

लेझरवाट (मंगळवार, संध्याकाळी ५:४०)

बरोबर पकडलंत. कॉर्टेक्स सुटा करताना प्रायमॉर्डियल फॉलिकलमधली बीजांडं फुटतात. सुमारे ३५ मायक्रॉनच्या त्या पेशीत हे आरएनए भरपूर असतं आणि फुटल्यावर ते द्रवात मिसळतं, इतर पेशींच्या थेंबाबरोबर नळीत येतं. ३५-४० चक्रांनंतर उमटलेला सिग्नल म्हणजे नेमकं काय, ते यावरून ठरत नाही. कंट्रोल सोपा आहे: सॉर्टरमधून पेशीविरहित थेंब तेवढ्याच संख्येने गोळा करा आणि त्याच प्लेटवर चालवा. शिवाय बीजांडातच असणारं दुसरं जनुक, उदाहरणार्थ झेडपी३, तेही तपासा. डीडीएक्स४ आणि झेडपी३ दोन्ही आले तर तुम्ही फुटलेलं बीजांड मोजताय.

फिक्स करून रंगवायचं असेल तर ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड १० मिनिटं, मग ०.१ टक्के सॅपोनिन. सॅपोनिनची छिद्रं मिटतात, म्हणून ते अँटीबॉडीच्या आणि धुण्याच्या प्रत्येक बफरमध्ये हवं. मेलेल्यांचा रंग अशा वेळी फिक्सेबल घ्यावा लागतो आणि तो फिक्सेशनच्या आधी लावावा लागतो. डॅपी इथे कामाची नाही, छेदल्यावर सगळ्याच पेशी रंगतील.

शीतपेटी (बुधवार, सकाळी १०:१५)

खरेदी आणि साठवणीचं लिहितो, कारण चांगली अँटीबॉडी फ्रीजमध्येच मरते.

रिकॉम्बिनंट मोनोक्लोनल मिळत असेल तर तीच घ्या. तिचा अनुक्रम ठरलेला असतो, म्हणून लॉट बदलला तरी माल तोच. पॉलिक्लोनलमध्ये ससा बदलला की अँटीबॉडी बदलते, कॅटलॉग क्रमांक मात्र तोच राहतो. म्हणून कॅटलॉग क्रमांक, लॉट क्रमांक आणि आरआरआयडी (संशोधन साहित्याचा ओळख क्रमांक) तिन्ही वहीत आणि पेपरमध्ये लिहा. नवा लॉट आला की जुना संपायच्या आत दोन्ही एकाच दिवशी त्याच कंट्रोल ब्लॉकवर चालवा. यासाठी कंट्रोल ब्लॉकच्या ३०-४० स्लाइड आधीच कापून ठेवतात, पण कापलेली सेक्शन महिनोन्‌महिने बाहेर ठेवली की अँटिजन मंदावतं. कोरड्या डब्यात ४ अंशाला ठेवा आणि तारीख टाका.

परदेशातून येणारं पार्सल आठवड्याच्या अखेरीला विमानतळावर अडकणार नाही अशा बेताने मागवा. पुरवठादाराला सोमवारी रवाना करायला सांगा आणि आयातीची कागदपत्रं आधीच पोचती करा. आल्या आल्या बाटली सेंट्रिफ्यूजमध्ये काही सेकंद फिरवा, झाकणात अडकलेला थेंब म्हणजे चांगले पैसे.

५० टक्के ग्लिसरॉल असेल तर उणे २०ला ती गोठत नाही, तशीच वापरा. ग्लिसरॉल नसेल तर १० मायक्रोलिटरच्या कुप्या करून उणे २० किंवा उणे ८०, आणि एकदा वितळलेली कुपी ४ अंशाला ठेवून दोन-तीन आठवड्यांत संपवा. आपोआप बर्फ काढणारा घरगुती फ्रीझर नको, त्याचं तापमान रोज वरखाली होतं.

आणखी दोन सापळे. सोडियम अझाइड एचआरपीला (डॅबचा रंग उमटवणाऱ्या एन्झाइमला) मारतं. बाटलीतल्या ०.०२ टक्क्याचं १:५०० झाल्यावर ते उरत नाही, पण एचआरपी जोडलेल्या दुय्यमच्या बफरमध्ये टिकवण्यासाठी अझाइड घातलं तर स्लाइड कोरी येते. दुसरं, अँटीबॉडीला स्वतः फ्लुरोफोर (चमकणारा रंग) जोडायचा असेल तर बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रथिन), ट्रिस आणि ग्लायसिन नसलेली बाटली मागवा. अमाइनवर चालणारा रंग आधी त्यांनाच चिकटतो आणि अँटीबॉडी फिकी राहते.

नवी_स्लाइड (बुधवार, दुपारी १२:४०)

शेवटची शंका. फक्त सर्टोली पेशी उरलेली नळी आणि थोडेसे स्पर्मॅटोगोनिया शिल्लक असलेली नळी, हा फरक या अँटीबॉडीने खात्रीने करता येतो का?

काचपट्टी (बुधवार, दुपारी ४:०५)

एकट्या हिने नाही. जॉन्सन गुणांकनात (नळीतल्या शुक्राणूनिर्मितीला गुण देण्याच्या पद्धतीत) हा २ आणि ३मधला फरक आहे: २ म्हणजे फक्त सर्टोली, ३ म्हणजे स्पर्मॅटोगोनिया आहेत पण पुढचं काही नाही. आणि नेमके स्पर्मॅटोगोनियाच डीडीएक्स४ने सर्वात फिके रंगतात. अँटीबॉडी जास्त पातळ केली तर ३ची नळी २ होते, जास्त दाट ठेवली तर सर्टोलीच्या धुरामुळे २ची ३ होते.

म्हणून शेजारच्या सेक्शनवर एमएजीई-ए४ या दुसऱ्या प्रथिनाची अँटीबॉडी लावा, ते स्पर्मॅटोगोनियात ठसठशीत येतं. शक्य असेल तर दुहेरी रंग करा: डीडीएक्स४ सशाची, सॉक्स९ उंदराची, म्हणजे दुय्यम अँटीबॉडी एकमेकींत गुंतत नाहीत. सॉक्स९ सर्टोलीच्या केंद्रकात आणि डीडीएक्स४ जननपेशीच्या पेशीद्रवात, त्यामुळे दोन रंग एकमेकांवर चढत नाहीत. तळाशी सॉक्स९ नसलेलं केंद्रक दिसलं की तिथे थांबून भोवतालचा पेशीद्रव तपासा. नळीच्या कडेच्या चपट्या पेरिट्यूब्युलर पेशींतही सॉक्स९ नसतं, त्या पायाच्या पडद्याबाहेर असतात हे ध्यानात ठेवून त्यांना वगळा.

एका सेक्शनवर निर्णय नको. ५० मायक्रॉनच्या अंतराने तीन पातळ्या कापा. जननपेशी ठिगळासारख्या उरतात, एका पातळीवर कोरी दिसणारी नळी दुसऱ्या पातळीवर रंगलेली निघते. आणि बाटलीवर "फक्त संशोधनासाठी" लिहिलेलं असेल तर हा निकाल रुग्णाच्या रिपोर्टमध्ये जाता कामा नये.

नवी_स्लाइड (बुधवार, संध्याकाळी ५:२०)

समजलं. डायल्युशनची शिडी एमएजीई-ए४च्या शेजारच्या सेक्शनसोबतच लावायची, म्हणजे तळाच्या कुठल्या पेशी रंगायला हव्यात ते आधीच माहीत असेल.

काचपट्टी (बुधवार, संध्याकाळी ५:४५)

हो, अगदी तसंच. फक्त एमएजीई-ए४ सुरुवातीच्या स्पर्मॅटोसाइटपर्यंतही जातं, म्हणून मोजताना पायाच्या पडद्याला टेकलेल्या पेशीच धरा.